तेराव्यानंतर कोण येतं?

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला कबूल केलं होतं की या वेळी उन्हाळी वाळवणांबद्दल लिहीन. साबुदाण्याच्या पापड्या एक आठवडा थांबतील. गेले काही महिने एक गोष्ट मनात घोळते आहे, ती आधी सांगून टाकते. त्यात माझीच चूक आहे, म्हणून सांगायला थोडं जड जातंय.

बारामतीला आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक कुटुंब भाड्याने राहतं. मूळचं इंदापूर तालुक्यातलं. मुलांच्या शाळेसाठी इथे बिऱ्हाड केलेलं. नवरा ऊस वाहतूक करायचा. गेल्या दसऱ्यानंतर, कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला, एका पहाटे तो छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. वय बेचाळीस.

पहिले दिवस घर माणसांनी नुसतं भरलेलं. कडू घास आला, शेजारपाजारहून पिठलं-भाताची पातेली गेली, चहाच्या किटल्या गेल्या. येणारी प्रत्येक बाई तिला जवळ घेई आणि तीच ती वाक्यं बोले. मुलांकडे बघ. धीर सोडू नकोस. देवाच्या मनात होतं त्याला कोण काय करणार. आणि निघताना, ‘काही लागलं तर सांग हं.’ मीही हेच म्हणाले होते. दहावा झाला, तेरावा झाला, मांडवाच्या सतरंज्या गुंडाळल्या आणि चौदाव्या दिवशी त्या दाराशी एकही चप्पल नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी मनापासून कौतुक केलं होतं. या बाईच्याही बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, सासूनेच अडवलं. तेवढं शहाणपण आलंय आता. पण बांगड्या हातात राहिल्या म्हणून त्या हाताशी बसायला कोण येतं?

मी जात होते अधूनमधून. शाळा अर्धवेळ असल्याने दुपार मोकळी असते. अशाच एका दुपारी ती एकदम म्हणाली, “ताई, मला रडायला येत नाही. मला राग येतो. त्यांचा.” मग सगळं बाहेर पडलं. ऊसतोडीची टोळी आणायला त्याने एका मुकादमाला मोठी उचल दिली होती. मुकादम टोळी न आणता गायब झाला. उचलीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, आणि घरात शब्दानेही सांगितलेलं नव्हतं. तेराव्यानंतर कागद हातात आले तेव्हा तिला कळलं. “माझ्याशी बोलले असते तर निदान एवढा जीव तरी जाळला नसता स्वतःचा,” असं म्हणून ती गप्प झाली.

मी घरी आले ती सुन्न होऊन. त्याच रात्री माझ्या मोठ्या जाऊबाईंचा इंदापूरहून फोन आला. मी बोलून गेले. अगदी कळवळून हो, चहाडी म्हणून नव्हे. ‘बिचारीला बघा ना, नवऱ्याचा राग येतोय म्हणे.’ आता इंदापुरात त्याच आळीत हिची नणंद, आणि दोघींची भिशी एकच. आठ दिवसांत ते वाक्य फिरून परत बारामतीला आलं, तेव्हा त्याचं रूप असं झालं होतं : ‘हिला नवरा गेल्याचं दुःख नाहीच, उलट त्यालाच शिव्या देते.’

ती मला जिन्यात भेटली. “ताई, तुम्हीसुद्धा?” एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली.

(एक गोष्ट इथेच सांगते. हा मजकूर पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवला आहे. दोन ओळी तिने काढायला लावल्या, त्या काढल्या. एक-दोन खुणा बदलल्या आहेत. बाकीचं छापा म्हणाली.)

पुढे नाताळ आला. आमच्या शाळेत एक ख्रिस्ती बाई शिकवतात. माझ्याहून पुष्कळ मोठ्या, पण स्वभाव मोकळा. दरवर्षी त्यांच्याकडे करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ असतो आणि आम्ही सगळ्या जातो. यंदा त्यांची थोरली बहीण अमेरिकेहून आली होती. जन्म आपल्याच पुणे जिल्ह्यातला. नर्सिंग शिकून तिकडे गेल्या आणि आयुष्यभर दवाखान्यात काम करून निवृत्त झाल्या. आता वेळ कसा घालवता, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “आठवड्यातून एक तास एका बाईकडे जाऊन बसते.”

“आणि करता काय?”

“ऐकते.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यासाठी त्यांनी चक्क शिक्षण घेतलं होतं, सुमारे पन्नास तासांचं! त्याला तिकडे स्टीफन मिनिस्ट्री म्हणतात. मिनिस्ट्री म्हणजे इथे सेवा. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात केनेथ हॉक नावाचे एक पाद्री होते आणि ते मानसशास्त्रज्ञही होते. १९७५ साली त्यांच्या लक्षात आलं की मंडळीत दुःखी माणसं फार आणि पाद्री एकटा. मग त्यांनी मंडळीतल्याच साध्या माणसांना तयार करायला घेतलं. पुढे ही पद्धत अनेक पंथांच्या हजारो चर्चेसमध्ये पसरली. एक शिकलेला सोबती, एक अडचणीतलं माणूस. बाईकडे बाई जाते, पुरुषाकडे पुरुष. आठवड्याला साधारण एक तास, आणि गरज असेल तितके महिने. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा घटस्फोट झालेला, कुणाची नोकरी गेलेली, कुणाला मोठं आजारपण. पैसे अर्थातच कोणी घेत नाही.

नाव कुठून आलं तेही त्यांनी सांगितलं, आणि आपण बायकांनी ते ऐकण्यासारखं आहे. बायबलात ‘प्रेषितांची कृत्ये’ म्हणून पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीतली एक तक्रार येते. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ती तक्रार. तेव्हा सात जणांना निवडून त्यांच्यावर हे काम सोपवलं. त्यांतलं पहिलं नाव स्तेफन. म्हणजे ही सगळी व्यवस्था मुळात उभी राहिली ती चार विधवांच्या पानात वाढायचं राहून जात होतं म्हणून.

मी विचारलं, शिकवतात तरी काय पन्नास तास? ऐकायला काय शिकायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, नर्सचे हात सतत चालू असतात. नाडी बघ, उशी सारख कर, सलाइन बदल. तिथे मला शिकायचं होतं ते हात मांडीवर ठेवून बसायला. सगळ्यांत अवघड गेलं ते तेच.” समोरची थांबली तर आपण लगेच बोलून ती जागा भरायची नाही. ‘माझ्या मावशीचंही असंच झालं होतं’ ही गाडी सुरू करायची नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. ‘सगळं ठीक होईल’ असं म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं. राग येतो म्हणाली तर राग वाईट म्हणायचं नाही. काळजी घेणं आपलं काम, बरं करणं देवाचं, असं त्यांना शिकवतात. त्यामुळे आपल्या भेटीने ती बरी झालीच पाहिजे, हे ओझं डोक्यावर राहत नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, “तुमच्या त्या बाईंचं काय झालं होतं, सांगा ना.”

त्या नुसत्या हसल्या आणि करंज्यांचं ताट माझ्यापुढे केलं. मी पुन्हा म्हटलं, “अहो, अमेरिकेतली बाई, मला काय ओळखीची आहे? नाव नका सांगू.” तेव्हा त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “नाही गं. तिने मला सांगितलंय, तुला नाही.”

कानाखाली बसावी तसं झालं मला. जिन्यातलं ते ‘तुम्हीसुद्धा’ आठवलं.

ऐकणारीच्या मनावरही भार येतोच, तो कुठे उतरवायचा? त्याचीही तिकडे सोय आहे. महिन्यातून दोनदा सगळे सोबती एकत्र बसतात आणि आपलं काम कसं चाललंय ते बोलतात. पण नाव नाही, ओळख पटेल असा तपशील नाही. ‘माझ्याकडून आज सल्ला देऊन झाला, काय करू?’ असं स्वतःविषयी बोलायचं, तिच्याविषयी नाही. हे मला फार पटलं. माझी चूक तिथेच झाली होती. माझ्या मनावरचं ओझं मी तिचं गाठोडं सोडून उतरवलं.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल ते माझ्याही आलं होतं. हे चर्चचं काम, म्हणजे हळूहळू धर्माकडे वळवणं तर नव्हे? बाई शिक्षिका, मी शिक्षिका, स्पष्टच विचारलं. थोरल्या बहिणीला राग आला नाही. म्हणाल्या, “प्रार्थना आमचा आधार आहे, ते लपवत नाही. पण तिला हवी असेल तरच तिच्याबरोबर. दुःखात असलेल्या माणसाला पकडून उपदेश करायचा नाही, हे तर आधीच बजावतात.”

आपल्या भागाला हा प्रश्न काही नवा नाही. बारामतीहून दौंडमार्गे पुण्याला निघालं की वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आजही आहे. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या, कडेवर लहानगी मनोरमा. पुढे इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून १८९३ साली मोठं वादळ झालं, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ती शंका अगदीच हवेतली होती असं मी म्हणणार नाही, काही मुलींना त्या धर्माची ओढ लागली होती. पण त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. ती रमाबाईंजवळ राहिली, शिकली, हिंदूच राहिली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आपली बाया कर्वे झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका उचलून आणल्या, तेव्हा त्यांना कोण हात देत होतं? मी इतिहास घेऊन बी. ए. झाले, पण हे नाव परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं. केडगाव स्टेशन गाडीतून किती वेळा पाहिलं आणि एकदाही उतरले नाही. यंदा मे महिन्यात मुलांना घेऊन उतरायचं ठरवलंय.

लंडनमध्येही असंच एक घडलंय. चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने १९५३ साली आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. लोक प्रत्यक्षही यायला लागले. पाद्रीबुवा एकटे, बाहेर माणसं ताटकळत बसलेली, म्हणून काही स्वयंसेवक त्यांना चहा द्यायला, गप्पा करायला बसले. काही दिवसांत पाद्रीबुवांच्या लक्षात आलं की चहा घेऊन मन मोकळं केल्यावर पुष्कळांना आत यायची गरजच उरत नाही! १९५४ मध्ये त्यांनी टेलिफोनही त्या स्वयंसेवकांच्याच हाती दिला. सॅमॅरिटन्स ही संस्था ती हीच.

आता माझं मत सांगते. अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे चालेल असं मला वाटत नाही. तिकडे माणूस माणसाला ओळखत नाही. बारामती-इंदापुरात नाव गाळून काही सांगितलं तरी ‘म्हणजे ती ट्रॅक्टरवाल्याची ना?’ असं समोरची लगेच म्हणते. म्हणून आपल्याला तोंड जास्त घट्ट मिटावं लागेल. दुसरं, त्या म्हणतात हात मांडीवर ठेवा. मला नाही पटत. समोरासमोर बसून ‘बोल’ म्हटलं की आपल्याकडची बाई ‘काही नाही, बरं चाललंय’ म्हणते आणि चहा टाकायला उठते. मधे मेथीची जुडी टाका. नजर भाजीत, हात पानांत, मग शब्द सुटतात. आपल्याकडे ही सोय नव्हतीच असंही नाही. आषाढात तुकोबांची पालखी आमच्या बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते. माझी आजी सांगायची, दिंडीत शेजारून चालणाऱ्या बाईपाशी ती जे बोलली ते घरात कधी बोलली नाही. ती कोण, कुठली, काही ठाऊक नाही. एकमेकींना माउली म्हणायचं, चालायचं, बोलायचं, आणि पंढरपूरला पोचलं की आपापल्या गावी. पोटातलं पोटातच राहायचं.

जानेवारीतल्या पहिल्या बुधवारी मी तिच्याकडे गेले. बुधवारी माझे तासच नसतात. जुडी पिशवीत होतीच. दारातच सांगितलं, “मी चुकले. तू मला सांगितलंस ते मी जाऊबाईंना बोलले. पुन्हा होणार नाही.” जाऊबाईंनी वाढवून सांगितलं, माझा हेतू तसा नव्हता, वगैरे वाक्यं जिना चढताना तयार केली होती, ती गिळली. ती बराच वेळ दार धरून उभी होती. मग म्हणाली, “बसा.”

त्या दिवशी आम्ही मेथी निवडली. मेथी आणि मुलांचे पेपर याखेरीज काही बोलणं झालं नाही. निघताना ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणाले नाही. ‘पुढच्या बुधवारी चारला येते’ म्हणाले, आणि गेले. तुम्हीही हे करून पाहा. ‘काही लागलं तर’ म्हटलं की मागायची लाज तिच्यावर पडते. वार आणि वेळ सांगितली की आपल्यावर जायची जबाबदारी येते.

तिसऱ्या बुधवारी तिने कर्जाचे कागद काढले आणि विचारलं, हे सगळं मला फेडावं लागेल का? माझ्या जिभेवर दहा सल्ले आले. म्हटलं, “मला नाही माहीत. विचारू या.” कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत तिथे फुकट मिळते. तिथे कळलं की नवऱ्याचं कर्ज वारसांना त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच लागू होतं. बायकोने जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. तिने केली नव्हती. ट्रॅक्टरचं काय होईल ते अजून लोंबकळतंय. पण तिच्या स्वतःच्या शिलाई मशीनला आणि माहेरच्या दागिन्यांना हात लागणार नाही, हे समजल्यावर त्या रात्री तिला झोप लागली.

हेही त्या थोरल्या बाईंनी बजावलं होतं की, आपल्या कुवतीबाहेरचं काम आलं तर ओळखावं आणि योग्य ठिकाणी न्यावं. समोरची जगण्याला कंटाळल्याचं, मरणाचं बोलू लागली, तर ते ऐकून घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं नाही. थेट विचारायचं, तिला एकटी सोडायची नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. गुप्ततेचा नियम तिथे संपतो. सरकारचा टेलि-मानस फोन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

जाऊबाईंचा अजून फोन येतो. ‘काय म्हणते गं ती?’ म्हणून विचारतात. मी म्हणते, मेथी महाग झालीय. त्यांना राग आलाय थोडा. येऊ दे.

परवाच्या बुधवारी आम्ही गवार मोडत बसलो होतो. दीड तास कसा गेला कळलं नाही. ती पुष्कळ बोलली, एकदा रडलीही. मी उठले तेव्हा पिशवी हातात देत म्हणाली, “पुढच्या वेळी भाजी तुम्ही नका आणू. मी पावट्याच्या शेंगा घेते. त्या सोलायला वेळ लागतो.”